एक्केचाळीस नंबरचा रिकामा फोटो

मित्रांनो, विचारायचा राहून गेलेला एक जुना प्रश्न म्हणजे मी.

तुम्ही आजवर मोडक्या छत्रीची, फाटक्या पुस्तकाची, गंजलेल्या सायकलीची कहाणी ऐकली असेल. त्यांना निदान हात लावता येतो. मला हात लावायला गेलात तर बोट पलीकडे निघेल. मी वस्तू नाही, वस्तूतली उणीव आहे. सदऱ्यावर चार बटणं असतात आणि पाचवं तुटून पडल्याची एक जागा असते ना, ती जागा मी. भिऊ नका. भ्यालेला मीच आहे, आणि ते का, हे सांगायलाच आज बसलो आहे.

माझा जन्म फार दूरचा. कुठल्या कुठल्या देशांत आपापल्या घरी बसून पुष्कळ माणसांनी मिळून एक सॉफ्टवेअर लिहिलं. चित्रं बघून शिकणारं. त्याला हजारो फोटो दाखवायचे, हा डोळा चांगला, हा डोळा आजारी, असं सांगत राहायचं. मग पुढचा फोटो ते आपलं आपण ओळखतं. या सॉफ्टवेअरच्या एका लहानशा भागाकडे काम होतं आलेल्या फोटोचे बारीक चौकोन पाडायचं, बर्फी कापतात तसे. आता बर्फी कापताना ताटात बर्फी आहे का, असं कोणी विचारत नाही. डोळ्यांना दिसतंच. यंत्राला मात्र दिसत नाही, त्याला विचारावं लागतं. ‘या फोटोत काही आहे का?’ एवढा एक प्रश्न त्या जागी लिहायला हवा होता. लिहिणाऱ्याला वाटलं असेल, रिकामा फोटो कोण कशाला पाठवेल? त्याने प्रश्न न लिहिता पुढची ओळ लिहिली आणि मी जन्मलो. ना बारसं, ना घुगऱ्या.

माझ्यामुळे काय व्हायचं तेही सांगून ठेवतो. साधा फोटो आला तर काहीच नाही. खराब आला, धुरकट आला, तरी काही नाही. पण लांबी नाही, रुंदी नाही असा अगदी रिकामा फोटो आला, तर ते सॉफ्टवेअर ‘हा फोटो नको’ म्हणून बाजूला सारत नसे. ते जागच्या जागी बंद पडायचं. सगळंच्या सगळं.

असा मी त्या सॉफ्टवेअरच्या पोटात बसून अकोल्याला आलो. मोर्णा नदीपलीकडे, जुन्या शहरात, एका गल्लीत एक धर्मादाय डोळ्यांचा दवाखाना आहे. तिथल्या तळमजल्यावरच्या खोलीत मला जागा मिळाली. खोलीत एक कॉम्प्युटर, एक पंखा आणि कॅमेरे चार्जिंगला लावायचं एक टेबल. काम चांगलं होतं. दवाखान्याची जीप गावोगाव शिबिरं घ्यायची. साखरेचा आजार असलेल्या माणसांच्या डोळ्यांचा, आतल्या पडद्याचा फोटो काढायचा आणि मोबाईलच्या नेटवर्कवरून अकोल्याला धाडायचा. आमचं यंत्र तो बघून चिठ्ठी द्यायचं. हिरवी आली तर घरी जा. पिवळी आली तर महिन्याभरात दाखवा. लाल आली तर आजच्या आज जीपमध्ये बसा.

फोटो काढायचं काम ललिताताईंकडे होतं. चाळिशीच्या, अकोला जिल्ह्यातल्याच तेल्हारा गावच्या. पेशंटची हनुवटी टेकणीवर ठेवून म्हणायच्या, “हालू नोका, काका. फोटो डोयाचा हाय, लग्नाचा नाई.” लोक हसायचे आणि हसले की हलायचे. मग पुन्हा फोटो. दोन वर्षांत कितीतरी लाल चिठ्ठ्या निघाल्या, कितीतरी डोळे वाचले. कोणी हार घातले, कोणी पेढे दिले. दसऱ्याला मॅनेजर खुशालरावांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं, ते थोडं कीबोर्डात गेलं. त्या कौतुकात मी आत गुपचूप बसून होतो. माझ्यावरून रोज शेकडो फोटो गेले. झाकण नसलेल्या विहिरीच्या काठावरून शाळेतली मुलं रोज उड्या मारत जावीत, तसे.

मग एक दिवस त्या दूरच्या जगात कोणाला तरी माझा पत्ता लागला. त्याने सगळ्यांना कळवलं की इथे एक प्रश्न विचारायचा राहिला आहे. कोणी मुद्दाम रिकामा फोटो पाठवला तर अख्खी सेवा बंद पाडू शकेल. मला एक लांबलचक नंबर मिळाला. कैद्याला असतो तसा. लगेच कोणीतरी दुरुस्तीही लिहिली. तीन ओळींची. ती फुकट होती, फक्त आपल्या यंत्रात घालून घ्यायची होती.

आमच्या यंत्राची देखभाल आकांक्षा करायची. ती अमरावतीला बसायची, कामापुरती अकोल्याला यायची. तिने खुशालरावांना फोन केला तेव्हा मी खोलीतच होतो. मी दुसरीकडे जाणार कुठे म्हणा.

“काका, नवी आवृत्ती टाकावी लागते. एक तास मशीन बंद ठेवा. बाहेरचा कोणी ही सेवा पाडू शकतो.”

“आपली? आपल्याशी कोणाची दुश्मनी हाय वो पोरी? चोरून नेतो म्हटलं त हाय काय इथं? म्हाताऱ्यांच्या डोयाचे फोटो!”

“नेत नाही काका, बंद पाडतात.”

“बंद त तू पाडून राहिली. एक तास.”

खुशालराव वाईट माणूस नव्हते. त्यांना एकदा चटका बसला होता. मागे अशीच नवी आवृत्ती टाकली होती, त्याच दिवशी प्रिंटर रुसला आणि दोनशे माणसं चिठ्ठीविना गल्लीत उन्हात बसून राहिली. तेव्हापासून त्यांनी एक पुठ्ठा कापून, त्यावर लाल स्केचपेनने लिहून, कॉम्प्युटरला सुतळीने बांधला होता. ‘चालू आहे. हात लावू नये.’

“शिबिरं संपू दे,” ते म्हणाले. “चालत्या बंडीचं चाक काढत नसतात.”

शिबिरं संपली की नवी सुरू व्हायची. अकरा महिने गेले. या अकरा महिन्यांत मी कोणाची तरी वाट बघत होतो. मला सांगितलं गेलं होतं की माझ्यातून वाईट माणूस येईल. चोर येईल, दूरचा कोणी खोडसाळ येईल. कोणीच आला नाही. आली ती तेरवीपर्यंत, म्हणजे आपल्या तेराव्या दिवसापर्यंत, थांबलेली एक बाई.

तेल्हाऱ्याजवळच्या एका गावात बुधवारी शिबिर होतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात. त्या शाळेत मुलांची खिचडी शिजवणाऱ्या दोन बाया होत्या, माणिकबाई आणि वच्छला. अठरा वर्षं दोघी जोडीने तांदूळ निवडत आल्या होत्या. माणिकबाईचा उजवा डोळा लहानपणापासून अधू, त्यामुळे ताट नेहमी तिच्या डावीकडे. वच्छला उजवीकडे बसायची, तिकडचे खडे ती वेचायची. दोघींना साखरेचा आजार, दोघींची नावं ललिताताईंच्या यादीत. एक्केचाळीसवी वच्छला, बेचाळीसवी माणिकबाई.

चाळीस फोटो झाले. ललिताताईंनी पुढचं नाव घेतलं, “वच्छलाबाई!” कोणी पुढे आलं नाही.

“थे गेली वो बाई,” माणिकबाई म्हणाली. “आज आठवा दिवस.”

“अवं माय! मले कोणी सांगतलंच नाई. मांगच्या खेपेले त केवढी बोलली माह्यासंगं.”

“झोपीतच गेली. कोणाले तरास नाई देल्ला. जिती असताना मले मात्र लय देल्ला.” आणि ती हसली, आणि हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

ललिताताईंच्या हातातल्या टॅबवर तीन चौकोन होते. फोटो, नकार, मृत. यातला एक दाबल्याशिवाय पुढचा नंबर उघडत नसे. त्यांचं बोट तिसऱ्याकडे गेलं.

“काय दाबून राहिल्या?” माणिकबाईने विचारलं.

“नाव कमी करा लागते ना, माणिकबाई.”

“तेरवी नाई झाली अजून! घरी रोज तिचं पान वाढून राहिले, अन् तुमी इथं नाव खोडता? तेरवीपरेंत माणूस घरातच असते.”

“मशीनले कुठं समजते तेरवी?”

“मशीनले नसन समजत. तुमाले त समजते?”

ललिताताईंनी बोट मागे घेतलं. माणिकबाई जरा खालच्या आवाजात म्हणाली, “लायन कोणतीबी असो, रेशनची म्हणा, मतदानाची म्हणा, थे माह्या समोरच उभी राह्याची. मले तिच्या अंबाड्याकडं पाहाची सवय हाय. पाच दिवस राहू द्या तिची जागा. मंग खोडजा.”

ललिताताईंचीही आई गेल्याच वर्षी गेली होती. त्यांनी ‘फोटो’वर बोट टेकवलं आणि त्याच क्षणी कॅमेऱ्याची वायर ओढून घेतली. यादीत नाव राहिलं, फोटो घेतल्याची खूणही झाली, पुढचा नंबर उघडला. लेन्सवर हात ठेवला असता तर काळा फोटो निघाला असता आणि यंत्राने तो मुकाट्याने कापला असता. काळोखालाही लांबी-रुंदी असते. हा काळोखसुद्धा नव्हता. हे नुसतं वच्छलाचं नसणं होतं, नाव-गाव-वय घालून अकोल्याला पाठवलेलं.

मग माणिकबाई टेकणीवर हनुवटी ठेवून बसली. “बाई, डाव्या डोयात कालपासून ईज चमकल्यावानी होते. माशा उडून राहिल्या.”

ललिताताई थबकल्या. डावा म्हणजे हिचा चालता डोळा. पण लाल चिठ्ठीशिवाय पेशंट आणायचा नाही, असा दवाखान्याचा नियम होता. एकदा त्यांनी मनाने एका माणसाला जीपमध्ये घातलं होतं, तेव्हा तो डोळे आल्याचा निघाला आणि चार लोकांसमोर ललिताताईंना ऐकून घ्यावं लागलं होतं.

“मशीन सांगीन,” त्या म्हणाल्या. “लाल आली त मी सोता घ्यायले येते.”

मित्रांनो, इथून पुढचं सांगताना माझा आवाज लहान होतो.

खुशालरावांनी यंत्राची रांग फार कडक ठेवली होती. कोण्या पुढाऱ्याच्या सासऱ्याचा फोटो एकदा मधेच घुसवला गेला होता, तेव्हापासून नियम असा की जो पहिला आला तो पहिला, आणि त्याचं झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. चाळीस फोटो पार पडले. मग यंत्राने एक्केचाळीसवा उचलला. वच्छला, वय बासष्ट, डावा डोळा. कापायला गेलं आणि जिथे तो प्रश्न असायला हवा होता तिथे मी होतो, म्हणजे कोणीच नव्हतं. यंत्र पडलं.

यंत्र पडलं की त्याला उभं करायला एक पहारेकरी ठेवलेला असतो. तोही सॉफ्टवेअरचाच. त्याने वीस सेकंदांत यंत्र उभं केलं. यंत्राला मागचं काही आठवत नव्हतं. त्याने रांग पाहिली. पहिला नंबर कोण? वच्छला, वय बासष्ट, डावा डोळा. उचललं. पडलं. उभं राहिलं. वच्छला, वय बासष्ट, डावा डोळा.

बुधवार गेला, गुरुवार उजाडला. दिवसाला चार हजारांवर वेळा यंत्राने त्या बाईला हाक मारली. मला तिचं वय पाठ झालं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिचा अंबाडा मला दिसू लागला. ती पाठमोरी उभी आहे, वळत नाही, आणि तिच्या मागे माणिकबाईचा डोळा आपली पाळी येण्याची वाट बघतो आहे. मला तो फोटो दिसत होता! अवघ्या एका जागेवर मागे. पडद्याची वरची कड सुटायला लागली होती, भिंतीवरचा कागद ओल लागून सुटतो तशी. यंत्राला ते ओळखायला दोन सेकंद लागले असते. मी ओरडून सांगितलं असतं, पण विचारला न गेलेला प्रश्न ओरडणार कशाने?

मागे रांग वाढत गेली. गुरुवारी चांदूर रेल्वे या गावी दुसऱ्या पथकाचं शिबिर झालं, तिथले फोटो येऊन उभे राहिले.

ललिताताईंनी गुरुवारी फोन केला. “खुशालभाऊ, चाळीस चिठ्ठ्या आल्या, पुढच्या येऊन नाई राहिल्या. नुसतं ‘तपासणी सुरू आहे’ दाखवते.”

खुशालराव खोलीत आले, पुठ्ठ्याखाली वाकून बघितलं. हिरवा दिवा लागलेला होता. लागणारच. तो दिवा यंत्र उभं आहे का, एवढंच सांगायचा. आणि आमचं यंत्र पडून पुन्हा पुन्हा उभं राहतच होतं.

“मशीन चालू हाय, ताई. नेटवर्कची भानगड असन. येतीन उद्या.”

शुक्रवारी पुन्हा फोन, पुन्हा दिवा, पुन्हा तेच उत्तर. चांदूर रेल्वेहूनही विचारणा आली. “सगळीकडं नेटवर्कचीच बोंब,” असं म्हणून खुशालरावांनी मोबाईल कंपनीला एक तक्रार लिहून पाठवली. शनिवारी चौथा शनिवार म्हणून ऑफिस बंद. खोलीत पंखासुद्धा बंद होता. नुसता हिरवा दिवा, आणि वच्छला, वय बासष्ट.

रविवारी सकाळी ललिताताई सुट्टी असून माणिकबाईच्या घरी गेल्या. शाळेतल्यासारखंच हेही मला दोघींच्या बोलण्यातून मागाहून कळलं. माणिकबाई ओट्यावर तांदूळ निवडत होती, दुसऱ्या दिवशी वच्छलाची तेरवी म्हणून. ताट डावीकडे होतं, पण ती मान वाकडी करून, बोटांनी चाचपून खडे शोधत होती.

“काहून असं पाहून राहिल्या, माणिकबाई?”

“खालून अंधारावानी कायं कायं वर येऊन राहिलं, बाई. तलावातलं पाणी चढते तसं. अर्धा डोया बुडाला.”

ललिताताईंनी मोबाईल काढला. त्यांनी खुशालरावांना नाही, थेट अमरावतीला आकांक्षाला फोन लावला. आकांक्षाने तिथूनच आमच्या यंत्राची वही उघडली. यंत्र काय काय करतं ते त्या वहीत आपोआप लिहिलं जातं. सतरा हजार ओळी होत्या आणि सगळ्या सारख्या होत्या.

“ताई,” ती म्हणाली, “एक्केचाळीस नंबरला कोण आहे?”

फोन स्पीकरवर होता. माणिकबाईनेच उत्तर दिलं, “माही वच्छला. काहून?”

“त्यांचा फोटो रिकामा आहे. मशीन चार दिवसांपासून तिथंच पडून राहिली. मागं तीनशे अकरा लोक थांबलेत. ताई, तुम्ही चिठ्ठीची वाट पाहू नका. यांना आत्ता घेऊन निघा.”

“मी नाई येत,” माणिकबाई म्हणाली. “उद्या तेरवी हाय. सैपाक माह्या हाती हाय. चार दिवस काही नाई म्हटलं मशीननं, म्हणजे फार नसन.”

“मशीनने तुमचा फोटो पाहिलाच नाही, मावशी! पुढं वच्छलाबाई आहेत ना!”

माणिकबाईने ताट बाजूला सारलं. मग हळूच हसली. “म्हणजे थेच अडवून उभी हाय? जिती होती तवाबी अशीच. तिचं झाल्याबिगर मले नळावर भांडं लावू नाई देये.”

“मी नाव खोडते,” ललिताताई रडवेल्या होऊन म्हणाल्या. “मीच राहू देल्लं. माहीच चूक.”

“खोडाचं नाई!” ती एकदम कडाडली. मग म्हणाली, “खोडू नोका. तिले माह्या मांगं उभी करा. आयुष्यभर समोर राह्यली, आता एक डाव मी जाते समोर.”

आकांक्षा फोनवर म्हणाली, “मावशी, मागं घेतलं तर तुमचं होईल. पण तुमच्या मागच्यांचं पुन्हा अडेल.”

“मंग तुमी एवढ्या शिकल्या, मशीनले शिकवा ना! सांगा त्याले, इथं माणूस नाई, पन नाव हाय. गावातल्या लेकरालेबी समजते थे.”

मित्रांनो, मला जन्माला घालणाऱ्याला जे सुचलं नव्हतं, ते खिचडी शिजवणाऱ्या बाईने तांदळाच्या ताटाशी बसून सांगितलं.

आकांक्षाने खुशालरावांना फोन केला. नवी आवृत्ती टाकायला कोणीतरी यंत्रासमोर असणं भाग होतं. खुशालराव जेवता जेवता उठून आले, हाताला वरणाचा वास होता. तिने सगळं सांगितलं. ते बराच वेळ हिरव्या दिव्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सुतळी सोडायला घेतली. गाठ सुटेना तेव्हा दातांनी तोडली आणि पुठ्ठा काढून खुर्चीवर पालथा ठेवला.

“सांग पोरी, काय दाबू?”

एका बोटाने, आकांक्षा सांगेल तसं, त्यांनी एकेक अक्षर दाबलं. दोनदा चुकले, दोनदा घाम पुसला. तासभर सेवा बंद होती. मग यंत्र पुन्हा उभं राहिलं आणि त्याने पहिला नंबर उचलला. वच्छला, वय बासष्ट, डावा डोळा. या वेळी ते कापायच्या आधी थांबलं आणि त्याने विचारलं, या फोटोत काही आहे का?

नव्हतं. ‘फोटो रिकामा. पुढे,’ एवढं वहीत लिहून ते पुढे सरकलं. बेचाळीस. माणिकबाई. लाल.

ललिताताईंच्या टॅबवर लाल चिठ्ठी आली तेव्हा माणिकबाई उठली. निवडलेले तांदूळ तिने वच्छलाच्या सुनेच्या पदरात घातले. “खडे राह्यले असतीन त पाहून घेजो. मले आज नाई दिसलं,” म्हणाली, आणि ललिताताईंनी बोलावून घेतलेल्या जीपमध्ये बसली.

सोमवारी गावात वच्छलाची तेरवी झाली. त्याच वेळी अकोल्याला माणिकबाई ऑपरेशनच्या टेबलावर होती. डॉक्टरांनी सुटलेला पडदा बसवला. डोळा गेला नाही. पण पडद्याचा अगदी मधला भाग, ज्याने आपण बारीक वाचतो, माणसाचा चेहरा ओळखतो, तो शनिवारी की रविवारी केव्हातरी सुटून गेला होता. “बुधवारी आल्या असत्या तर,” डॉक्टर म्हणाले आणि वाक्य अर्धंच ठेवून त्यांनी हात धुतले.

तुम्हाला वाटेल, दुरुस्ती झाल्यावर मी संपलो असेन. त्या यंत्रातून संपलो. पण खुशालरावांनी जुनी आवृत्ती फेकली नाही. “असू दे, लागली त,” म्हणून ती एका जुन्या कॉम्प्युटरवर ठेवून दिली. त्याच कॉम्प्युटरवर आता बाहेरच्या बाकांसमोर पेशंटचे नंबर दाखवतात. मी तिथे असतो. तीन महिन्यांनी माणिकबाई तपासणीला आली, तेव्हा ती माझ्यासमोरच्याच बाकावर बसली. मी पहिल्यांदा तिला पाहिलं. आजवर मी फक्त तिच्या डोळ्याचा मागचा पडदा पाहिला होता.

“कसं काय दिसते आता?” ललिताताईंनी विचारलं. त्या अजूनही तिच्याशी बोलताना खाली बघतात.

“गंमत हाय वो, बाई. कडेचं सारं दिसते. मधातलं नाई. ज्याच्याकडं पाहावं थेच नाई दिसत. आता तुमाले पाहाचं असन त मले त्या खांबाकडं पाहा लागते.” तिने खांबाकडे तोंड केलं. “हं, दिसल्या. वाळल्या तुमी.”

“तांदूळ?”

“थे नव्या बाईनं निवडाचे. मी फोडणी देते. वासावर समजते मले.”

मग माणिकबाईने विचारलं, “त्या मशीनले आता समजते काय, वच्छला नाई म्हणून?”

“समजते. फोटो रिकामा म्हणते अन् पुढं जाते.”

“किती वेळात?”

“लगेच. सेकंदबी नाई लागत.”

माणिकबाई खांबाकडे बघत राहिली. “एवढ्या लवकर?” ती म्हणाली. “बरं हाय बापा त्याचं.”

पडद्यावर तिचा नंबर आला. मीच दाखवला. ललिताताईंनी हात पुढे केला आणि ती एका बाजूला मान वळवून, डोळ्याच्या कडेने रस्ता बघत आत गेली.

तर मित्रांनो, तुमच्याजवळ चांगली यंत्रं येतील, माझ्यासारखी भोकं पोटात घेऊन येतील. त्यांची दुरुस्ती आली की उद्यावर टाकू नका. हिरवा दिवा दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. कोणाच्या डोळ्यात वीज चमकू लागली तर चिठ्ठीची वाट न बघता त्याला डॉक्टरकडे न्या. आणि तुमच्या रांगेत एखादं गेलेलं माणूस उभं असेल, तर त्याला हाकलून देऊ नका. त्याची जागा ठेवा, हवी तितकी ठेवा. फक्त त्याच्या मागे कोण थांबलं आहे, तेवढं एकदा पाहून या.